टवके उडायची जागा

दुपारी दीडला कोपनहेगन पडद्यावर येतं.
येस्परच्या मागे खिडकी, खिडकीत सायकली.
माझ्यामागे कल्याणीनगरचा चौथा मजला, कुंड्या, कॉफीचं यंत्र,
आणि दीड किलोमीटरवर, इथून न दिसणारी,
येरवड्याच्या बंद खाणीकाठची बासष्ट घरं
जी मी आठ महिने काढते आहे.

जागा तीच, माणसं तीच, फक्त भिंती नव्या,
हे वाक्य आमच्या स्टुडिओने तीन देशांत वापरलंय.
पाडलेल्या भिंतींचा राडारोडा दाबून केलेली वीट,
सिमेंट सहा टक्के.
छताला चुना, पश्चिमेच्या वाऱ्याला जाळी,
पागोळ्यांचं पाणी टाकीत.
मधोमध एक मोकळी जागा. येस्पर तिला सामाजिक हृदय म्हणतो.
मराठीत तसं लिहायला हात धजेना,
मी नुसतं 'चौक' लिहिलं.

मॉडेल मांडीवर घेऊन रिक्षाने गेले.
समाजमंदिरात सगळ्यांनी आपापलं घर बोटाने शोधलं,
कुणी दार उघडतं का पाहिलं.
यल्लव्वा धोत्रे उशिरा आली, हातात हातोडी.
मॉडेलकडे तिने पाहिलंही नाही.
नमुन्याची वीट उचलली, दांड्याने ठोकली, कानाशी धरली.
"बद्द न्हाई वाजत. बरी हाय."
प्रयोगशाळेने हेच सांगायला
दोन पानं आणि अडीच महिने घेतले होते.

मग म्हणाली, "ह्यो चौक कुणाचा?"
सगळ्यांचा, मी म्हटलं.
"सगळ्यांचा म्हंजी सकाळी माझा हाय का?"

पाटे, वरवंटे, खलबत्ते.
सात ते अकरा ती उकिडवी बसून टाकी घालते.
"हितं लेकरं खेळणार म्हंतीस.
मग टवकं कुटं उडायचं, पोरी?"

मी लॅपटॉप उघडला.
आमच्याकडे चित्रात पेरायला माणसांचा साठा असतो:
फुगेवाली मुलगी, कुत्र्याबरोबर आजोबा,
सायकल धरून हसणारी बाई.
सगळी उभी, सगळी कुठेतरी निघालेली.
बसून काम करणारं
एकही माणूस निघालं नाही त्यात.

"चल, दावते."
पाठ भिंतीला, ऊन डावीकडून, दगड दोन पायांत.
पहिल्या घावाला नातीने फक्कीची रेघ मारली,
दहाव्याला पुसून मागे नेली.
सगळ्यात लांबचा टवका नऊ फुटांवर.
एक माझ्या चष्म्यावर.
"म्हून इचारलं," यल्लव्वा म्हणाली, आणि हातोडी थांबली नाही.

नऊ फूट, मी दीडच्या बैठकीत सांगितलं.
येस्पर चांगला माणूस आहे, तो गप्प राहिला, मग हळूच:
या जागेचा दुसराही काही उपयोग होईल का?
संध्याकाळी मोकळीच असते, मी म्हटलं.
अंधारात टाकी चालत नाही.
तो म्हणाला, मग नाव दे तिला.

मी देवनागरीत टाइप केलं.
त्याच्या पडद्यावर नुसते चौकोन उमटले,
ओळीने, रिकामे.
असू दे, तो म्हणाला. तुमच्याकडे दिसतंय ना?

फाईल आता महापालिकेत आहे, तिसऱ्या टेबलावर.
कुणीतरी त्या शब्दांभोवती पेन्सिलीने गोल करून
समासात विचारलंय:
हे काय? एफएसआयमध्ये धरायचं का?

उत्तराचा मसुदा चार वेळा लिहिला.
पाचव्यात फक्त यल्लव्वाच्या कामाच्या वेळा लिहिल्या
आणि फक्कीच्या रेघेचा फोटो जोडला.

डाव्या काचेवर बारीक पांढरा ओरखडा राहिलाय.
कॅम्पातला चष्मेवाला म्हणतो, बाई, बदला ही.
बदलेन,
पगार झाला की.