सहीची शेपटी

काउंटरवरची मुलगी म्हणाली, मॅडम, सही जुळत नाही.
काचेखालून तिनं कागद परत सरकवला,
एक्क्याण्णव सालचा, घडीवर विरलेला,
शंभर शेअर, दर्शनी किंमत दहा रुपये.
सोबतच्या अर्जावर माझी तेव्हाची सही,
धुमाळमधल्या ळ ला
लांब, वर वळलेली शेपटी.

ती शेपटी कधी गळाली, मला सांगता येणार नाही.

भोसरीच्या ड्रॉइंग ऑफिसात मी ट्रेसर होते.
दुसऱ्यांच्या रेषा शाईनं गिरवायच्या,
हात हलला तर ब्लेडनं हलकेच खरवडायचं.
सही तेवढी माझी.
पटवेकर कॅशियर पगाराचं पाकीट देताना
नोटा मोजून झाल्या की एवढंच बोलायचे:
घ्या आणि विसरा. लोणच्याची बरणी
रोज उघडून बघितली की बुरशी धरते.
सगळे हसायचे. मी एका बुधवारी अर्धी रजा टाकली,
आप्पा बळवंत चौकात, पुस्तकांच्या दुकानावरच्या माळ्यावर
तीन प्रतीत फॉर्म भरला.
त्या दिवाळीत खुर्च्यांचं वेत फाटकंच राहिलं.

मग सवय लागली. आधी पाचशे, मग हजार,
पुढे तर दर सात तारखेला
खात्यातून आपोआप, मला न विचारता.
ब्याण्णवला पडलं. आठला पडलं.
आठला आमच्या सोसायटीतल्या कारखानीसांनी सगळं विकलं
आणि तळजाईवर फिरायला येणं बंद केलं.
मी काय केलं? काही नाही.
काही न करायलाही ताकद लागते,
दोन्ही हात मांडीखाली दाबून बसावं लागतं.

दिगंबरला हे कधीच पटलं नाही.
त्याचा भरवसा पोस्टावर, आणि धायरीपलीकडच्या एका गुंठ्यावर,
ज्याचा सातबारा अजून तिसऱ्याच्याच नावावर आहे.
माझी आपली एक निळी वही.
शेअर साठ, रोखे तीस, मुदत ठेव दहा.
पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी उघडायची,
जे फुगलं त्यातलं थोडं काढून
जे आटलं त्यात घालायचं, वही बंद.

घ्यायचं कसं ते पटवेकरांनी शिकवलं.
विकायचं कधी, ते सांगायच्या आत गेले.
त्यांचे कागद म्हणे मुलाला पोटमाळ्यावर सापडले,
त्यातल्या तीन कंपन्या उरल्याच नव्हत्या.

गेल्या वर्षापासून आमचा टीव्ही बेचाळिसावर असतो.
खालच्या मजल्यावरून निरोप येतात.
कर्वे रोडच्या डॉक्टरांनी दोन कानांच्या यंत्रांचे
दोन लाख दहा हजार सांगितले.
दिगंबर म्हणाला, माझं आता काय ऐकायचं राहिलंय?
बाजार खाली होता, मी म्हटलं, जरा वर येऊ दे.
वर आला, तर म्हटलं, अजून जाईल.
असे आठ महिने.
हे सगळं म्हातारपणासाठी, असं मीच म्हणायचे.
म्हातारपण समोर बसून चहा पीत होतं
आणि मी त्याला म्हणत होते, थांब.

मुलगी वाईट नव्हती. हळूच म्हणाली,
जुनी सही जमते का बघा ना, तिथं बसून.

मी बाकावर बसले. टोकनच्या मागच्या बाजूला
धुमाळ, धुमाळ, धुमाळ.
पहिली शेपटी थरथरली, दुसरी खालीच वळली.
एकतीस वर्षांची ती बाई कसली घाईत होती!
कशाची खात्री होती तिला,
की ळ एवढा लांब न्यायला जागा उरेल?
मनगट सैल सोडलं, तेव्हा सातव्याला
रेषा थोडी तिच्यासारखी गेली.

तेवढ्यात आमचा नंबर पुकारला.
दिगंबर शेजारीच होता, समोरच्या कॅलेंडरकडे बघत.
त्याला ऐकू गेलं नाही.
मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला
आणि उठले.