दोन फेऱ्यांच्या मधे

सकाळची फेरी संपते पावणेनऊला,
दुपारची निघते दोन-दहाला.
मधल्या वेळेचा पगार शाळा देत नाही.
पिवळी बस डेपोत लावून
मी माझ्या गाडीत येऊन बसते, किराणा स्टोअरच्या पार्किंगमध्ये.
हीटर पाच मिनिटं चालू, दहा मिनिटं बंद.

पावती मांडीवर सपाट करायची,
चारी कोपरे चौकटीत आणायचे,
हात हलला की अ‍ॅप म्हणतं, पुन्हा.
लांबलचक असेल तर तीन तुकड्यांत.
पंचवीस पॉइंट.
हजार पॉइंटांचा एक डॉलर.

थँक्सगिव्हिंगला कीगन आला, बहिणीचा मुलगा,
पिट्सबर्गला अकाउंटिंग शिकतो.
पेपर नॅपकिनवर त्याने हिशेब मांडला:
तासाला एकतीस सेंट, मावशी,
पेट्रोल धरलं तर उणे.
आणि वर तुझी सगळी माहिती त्यांच्याकडे.
आवळा देऊन कोहळा काढणं, दुसरं काय.
मी म्हटलं, माझ्याकडे कोहळा आहे
हेच मला आज कळतंय.
अर्धा पाव, एक केळं, सांधेदुखीचं मलम,
घ्या म्हणावं.
आणि माझ्या या पाच तासांचा भाव
आजवर दुसऱ्या कुणी विचारला होता?
एकतीस तर एकतीस.

थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात.
आमच्या गावात तळं आधीच साचलेलं आहे,
ईरी, पलीकडचा काठ दिसत नाही असं.
त्याला माझ्या थेंबाचं काही पडलेलं नाही.

पण माझ्या एकटीच्या पावत्या किती होणार?
आठवड्याला दोन.
मग ट्रॉलीत राहिलेल्या उचलायला लागले,
कचऱ्याच्या डब्याच्या काठावरच्या,
बर्फाच्या चिखलात बुटाच्या ठशासकट रुतलेल्या.
नियमात बसत नाही, मला माहीत आहे.
ओपल, सतरा नंबरची बस चालवते ती,
म्हणाली, चोरी कसली, तो तर केरच.
पहिली ओली पावती मी हीटरच्या झोतापुढे धरली
तर काळी ठिक्कर पडली, एक अक्षर उरलं नाही.
तेव्हापासून बाहीवर टिपते,
अलगद, मुलांचं नाक पुसावं तशी.

हळूहळू अ‍ॅपला वाटायला लागलं
की माझं घर मोठं आहे.
त्याच्या मते माझ्याकडे एक म्हातारा कुत्रा आहे,
मऊच खाणं खाणारा.
कुणाला तरी साखर आहे, कुणाची तरी कवळी सैल आहे.
एक कुणीतरी दर शुक्रवारी
एकच कप आइस्क्रीम घेतं, पिस्त्याचं.
आणि बाळ.
ऑक्टोबरात डायपर एक नंबरचे,
नाताळनंतर दोन नंबरचे.
फेब्रुवारीत फोनवर आलं:
अभिनंदन! आता वरण-भाताची… नाही,
गाजराच्या लगद्याची वेळ झाली.
रिकाम्या गाडीत मी मोठ्याने हसले,
मग शेजारच्या सीटवरची पर्स
उगाचच जरा सरकवून ठेवली.

एप्रिलमध्ये खातं बंद झालं.
असामान्य हालचाल, एवढंच कारण.
एकतीस हजार चारशे पंचवीस पॉइंट.
म्हणजे साडेएकतीस डॉलरसुद्धा नाहीत.
कीगनला सांगितलं नाही,
तो बरोबर होता, आणि त्याला ते आवडलं असतं.

परवडलं का?
ओपलनेही विचारलं, कॉफीच्या रांगेत.
मी म्हटलं, नाही गं. अजिबात नाही.

आज वारा सुटलाय तळ्यावरून.
पार्किंगभर कागद पळतायत.
एक माझ्या काचेवर येऊन चिकटला, वायपरखाली.
दार उघडून मी तो काढला, बाहीवर टिपला,
मांडीवर सपाट केला.
चारी कोपरे.
दूध, गाजरं, पिस्त्याचं नाही,
डायपर.

तीन नंबर.