बहात्तर चौरस मीटर, सोलोलाकी

जाहिरातीत 'मोहक' लिहायचं, असा ऑफिसचा हुकूम आहे.
'मोहक' म्हणजे लिफ्ट नाही.
'जुन्या वळणाचं' म्हणजे पाणी कधी येईल ते नळालाच ठाऊक.
आणि 'भरपूर उजेड' म्हणजे
समोरचं घर गेल्या वसंतात पडलं.

तिबिलिसीच्या या उतारावर
मी नऊ वर्षं घरं मोजतोय.
मोजपट्टीचं एक टोक माझ्याकडे,
दुसरं आज त्सियालाबाईंनी धरलंय,
एक्क्याऐंशीव्या वर्षी गुडघ्यावर बसून,
कोपऱ्यात अंगठा रोवून:
"ओढ. अजून ओढ.
भिंत तिथे संपत नाही रे, तिथे नुसता रंग संपतो."

खाली जिन्याच्या छतावर चार अप्सरा रंगवल्यात.
एकीच्या तोंडावर विजेचे अकरा मीटर ठोकलेत,
तरी तिची बासरी चालूच.
हे कुठल्या रकान्यात लिहू?

लाकडी सज्जा अंगणावर झुकलाय.
मोडेन पण वाकणार नाही म्हणणारे सगळे
या गल्लीतून केव्हाच भुईसपाट झाले;
हा वाकला, म्हणून उभा आहे.
त्यावर द्राक्षवेल,
मुळं तळमजल्यावरच्या ओतारची,
घोस तिसऱ्या मजल्यावर बाईंचे.
सप्टेंबरात दोघांचं भांडण,
ऑक्टोबरात दोघांची एकच बरणी.
"वेल विक्रीत धरायची का?" मी विचारतो.
"ते वेलीला विचार," म्हणतात,
आणि माझ्या वहीवर एक अक्रोड ठेवतात, वाऱ्याने पानं उडू नयेत म्हणून.

मोठ्या खोलीच्या छतावर चुन्याचं फूल आहे.
अर्धंच.
कधीकाळी सरकारी माणसं आली, दिवाणखान्याची दोन घरं केली,
भिंत नेमकी फुलातून गेली.
सात पाकळ्या इकडे.
पलीकडे किती ते आर्शालुइस सांगायची, शिवणकाम करायची ती,
कधी सहा, कधी आठ,
तिला मोजायचा कंटाळा होता, सांगायचा नव्हता.

मी भिंतीची जाडी घेतो. नऊ सेंटिमीटर.
"भिंतीला कान असतात म्हणतात," मी उगाच बोलतो.
"हिला बोटं आहेत," बाई म्हणतात.

वीज नसायची त्या हिवाळ्यांत
रात्री दहाला दोन टकटक: आहे मी.
पलीकडून दोन: मीही.
तीन म्हणजे पाव मिळालाय, ये.
वीज परत आली, पाव रोज मिळू लागला,
दहाची टकटक राहिली.
एकतीस वर्षं.

आर्शालुइस दोन जानेवारींमागे गेली.
तिच्या भाचीने तिकडची बाजू पाहुण्यांना द्यायला काढली,
दोन रात्री, तीन रात्री, चाकांच्या बॅगा.
"मग आता?"
"आता काय? दहाला मी वाजवते.
पोलंडचं एक जोडपं घाबरून परत वाजवत बसलं, मिनिटभर.
एकाने तर भिंतीवर बूट आपटला.
रागाने का होईना,
उत्तर दिलं ना."

मुलगा थेस्सालोनिकीत. त्याच्याकडे लिफ्ट आहे,
भिंती काँक्रीटच्या.
त्याबद्दल एवढंच सांगतात आणि
सज्जातली खुर्ची उगाच जरा सरकवतात.

वहीत मी उतरवतो:
खोल्या दोन. उंची चार मीटर दहा. लाकडी जमीन, ठीक.
फूल, अर्धं; मग 'अर्धं' खोडतो,
मग पुन्हा लिहितो.

"शनिवारी गिऱ्हाइकं आणतो. सकाळी अकराला?"
"सकाळी कुठलंही घर बरं दिसतं," त्या म्हणतात.
"त्यांना रात्री बोलाव."

जाहिरात गेली.
भेटीची वेळ: रात्री दहा.
ऑफिसातून फोन आला, छपाईत चूक झालीय का?
मी म्हटलं, नाही.