छेद

पाच वर्षं तासिका तत्त्वावर गणित शिकवलं.
पगार दिवाळीला यायचा,
कधी कधी पुढच्या दिवाळीला.
आता प्रवेश कक्षात हेडफोन लावून बसतो,
परभणीत, वसमत रोडला,
जिला फक्त रस्त्याच्या अंगाला काच आहे
अशा इमारतीत.

इथं माझं नाव आदित्य.
कागदावर लिहून दिलंय तेवढंच बोलायचं.

ब्रँडिंगचे डोईफोडे सर शुक्रवारी येतात,
फळ्यावर एक अपूर्णांक काढतात:
वर जागा, सहाशे. खाली अर्ज.
"वरचं हलत नाही," म्हणतात, "खालचं वाढवा."
मागच्या साली खाली साडेपाचशेच होते,
तेही आम्ही गावोगाव फिरून
टमटममध्ये बसवून आणलेले.

यंदा अर्जाची फी माफ.
दाखला नको, फोटो नको,
नाव, नंबर, बारावीचा आकडा, झालं.
पालम, सोनपेठ, जिंतूर, सेनगाव.
याद्या कुणी दिल्या, विचारायचं नाही.
रोज साठ फोन.
मागं कुकरची शिट्टी, म्हशीचं हंबरणं,
आणि हमखास कुणीतरी:
"इद्यापीठातून फोन हाय, टीव्ही बारीक कर."

"सर, लागंल का माजा नंबर?"
याचं उत्तर कागदावर आहे.
भरून तर ठेवा.

जूनअखेर आठ हजार सहाशे झाले.
एका रात्री, एका बटणानं
आठ हजार जणांना एकच पत्र:
यंदाची स्पर्धा अत्यंत चुरशीची होती.
अर्ज कुणी उघडले नव्हते.
ते वाचायचे नव्हतेच, मोजायचे होते.

सकाळी उड्डाणपुलावर फ्लेक्स:
शंभरात फक्त सात!
फी दीडपट झाली.
आता टमटम लागत नाही,
इनोव्हा आपणहून गेटवर थांबतात,
वडील काच खाली करून विचारतात,
"एखादी सीट निघंल का?"

पुढच्या साली शंभरात चार, असं ठरलंय.
छेद शून्य नको, एवढंच पुस्तकात आहे.
किती मोठा असावा, याला मर्यादा नाही.

काल प्रणिता खंदारेचा फोन आला.
पालम, एक्क्याऐंशी टक्के.
"आदित्य सर, मी कुठं कमी पडले?"
कागद उलटा केला, सुलटा केला.
"हे बघा," म्हणालो,
आणि ती एकदम गप्प झाली.

"तुम्ही गव्हाणे सर ना?
अकरावीला होतात आम्हाला.
'बघा' म्हणताना तुमचा आवाज अजून तसाच वर जातो."

मी काही बोललो नाही.

"रात्री मांडून बघितलं सर, वहीत.
छेद वाढला की अपूर्णांक लहान होतो,
तुम्हीच शिकवलेलं.
म्हंजे मी
खाली होते का?"

तिनं फोन ठेवला नाही.
मीही नाही.
तिच्या घरात, मागं,
कुणीतरी टीव्ही बारीक केला.