वाढलं

सोहारच्या बाजारात, टायरवाला आणि शिंपी यांच्या मधे,
सात पावलं लांब, चार पावलं रुंद जागेत
मी एक किनारपट्टी मांडून बसले आहे:
आमसुलं, तिरफळं, भाजणी, कुळथाचं पीठ.
खपतं ते डोळ्यांच्या उंचीवर.
कमी खपतं ते गुडघ्याखाली.
खपतच नाही ते माझ्या खुर्चीमागे,
मला एकटीलाच दिसेल असं.

हिशेब सोपा आहे म्हणतात.
रोज किती जातं, गुणिले माल यायला लागणारे दिवस,
वर थोडं भीतीपोटी.
पण न्हावाशेवाहून निघालेला कंटेनर
कधी अठरा दिवसांनी येतो, कधी एकेचाळीस,
आणि धक्क्यावर तापत राहिला
तर बेसनात पोरकिडे आपलं खातं उघडतात.
भीती किती पोती धरायची
ते कुठल्या सूत्रात सापडलं नाही.

प्रशोभ कासरगोडचा. मला चेची म्हणतो.
मराठी माझ्याकडूनच शिकला,
म्हणजे अर्धी भावांची, अर्धी रागाची.
आषाढात मी मागच्या खोलीतून ओरडले,
"आंबेमोहोर वाढला रे!"
आमच्याकडे संपलं म्हणत नाहीत.
तांदूळ, मीठ, कुंकू, हातातली बांगडी,
जे संपलेलं सोसत नाही ते वाढतं.
त्याने मान डोलावली,
संगणकात दहा पोती शिल्लक चढवली
आणि मागणीतून आंबेमोहोर खोडला.

श्रावणभर मी गिऱ्हाइकांना सांगत राहिले,
येतोय, समुद्रात आहे.
कंटेनर आला. सगळं आलं. तो नाही.
गणपतीच्या दोन दिवस आधी
बुरैमीहून चौघीजणी गाडी करून आल्या, मोदकांसाठी.
पडद्यावर दहा पोती.
फळीवर पांढरी धूळ, त्यात माझ्याच बोटाची रेघ.
मी त्याच्यावर तोंड टाकणार,
तेवढ्यात मला माझं वाक्य आठवलं.

त्याच्या फळीवरचं इडियप्पमचं पीठ दिलं चौघींना.
"कळ्या नीट पडल्या नाहीत," एकीने नंतर कळवलं,
"पण बाप्पा काही बोलला नाही."
आता गल्ल्यावर त्याच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी आहे:
वाढलं म्हणजे नाही.
जास्त झालं म्हणजे आहे.
चेचीला दोनदा विचारणे.

जास्त झालं ते असं:
स्मेल्टरच्या मागचा कॅम्प एका रात्रीत दुक्मला हलला,
चार बस, कुणाला कळलंही नाही.
कोयंडे तिथलाच. वेल्डर, देवगडचा.
दर एक तारखेला कुळथाच्या पिठाची दोन पाकिटं,
"बायकोसारखी पिठी जमत नाही, पण चुकतमाकत."
त्याच्या भरवशावर मी त्रेसष्ट मागवली होती,
तो आणि त्याचे खोलीतले सगळे धरून.
वहीत त्याची उधारी चार रियाल सहाशे बैसा,
फळीवर त्याचं पीठ.
एक यायचं राहिलं, एक द्यायचं राहिलं,
दोन्ही शिल्लक एकाच नावावर.

बलदियाचा तपासनीस आला, तरुण, अत्तर लावलेला,
विजेरी टाकून तारखा वाचत गेला.
माझ्या खुर्चीमागेही वाकला.
"मदाम, पुढच्या महिन्यात हे नको दिसायला."
मी निम्म्या किमतीची पाटी लावली.
शिंप्याने एक पाकीट नेलं, वास घेऊन परत आणलं.

रात्री साडेदहाला शटर ओढताना मी म्हणते,
"चल, दुकान वाढवू."
तो हात वर धरून थांबतो.
शेजारचा गाळा रिकामा होणार आहे, मी भाडं विचारून ठेवलंय.
मालकाचं पत्रही आहे गल्ल्यात, या गाळ्याबद्दल,
अजून पुरतं वाचलेलं नाही.
"चेची, कुठलं वाढवणं?"
मला कुलूप सापडत नाही.
"उद्या मोजू," मी म्हणते,
"कुळथापासून सुरू कर."