रीडिंग

सहाला पंधरा कमी. मफलर, कानटोपी
आणि पायांत तेच बूट,
ज्यांनी बत्तीस वर्षं या शिवारातली मीटरं पाहिली.
पुष्पलता म्हणते, रिटायर झाला तरी
हा माणूस सकाळी लोकांच्या घरामागे जाऊन उभा राहतोच.

लांब जात नाही मी.
घर, नाल्यावरचा रपटा, बोबड्यांच्या तुरीचा धुरा,
तलावाची पाळ, परत.
अडीच किलोमीटर. गुडघ्यांच्या हिशेबाने चार.

रपट्याचा लोखंडी पाईप हाताला चावतो.
पूर्वेला कोराडीची धुराडी, धूर उभाच्या उभा.
वारा उठलेला नाही,
म्हणजे पाखरं अजून तारेवर असतील.

तारा मला पाठ आहेत.
अकरा केव्हीची कोणती, शेतपंपाची कोणती,
कोणत्या खांबाचा ताण सैल.
त्यांच्यावर कोण बसतं, हे मात्र
नोकरीत एकदाही पाहिलं नाही.

आता बघतो. तिसऱ्या खांबावर नीलपंख:
बसला की चहाच्या फडक्यासारखा मळकट,
उडाला की आईच्या ट्रंकेतला शालू
कुणी उन्हात झटकावा तसा.
झिंगरूजी बकऱ्या घेऊन मागून येतात.
"टास हाये थो. पुस्तकात काहीबी लिवलं असन."
मी दोन्ही नावं लिहितो.

वही जुनीच, खात्यातली उरलेली.
मागील रीडिंग, चालू रीडिंग, शेरा.
चक्रवाक: मागील सात, चालू चार.
शेकाट्या: मागील अकरा, चालू अकरा.
धोबी: शेपट्या थांबेनात, मोजता आले नाहीत.
पट्टकादंब: मागील शून्य, चालू शून्य.
शेरा: दार बंद.

तलावावर धुकं आहे, म्हणजे तलाव नाही.
झिंगरूजी पाळीवर उकिडवे बसतात,
मोतीबिंदूचे डोळे मिटतात,
बोट करतात: "थापट्ये. पाणी गाळून राह्यले."
पाऊण तासाने धुकं फाटतं
आणि थापट्ये तिथेच असतात, बोटाच्या टोकाला.
दुर्बीण माझ्याकडे, पाखरं त्यांच्याकडे.

खरं सांगायचं तर मी निघतो थिरथिऱ्यासाठी.
मूठभर, काळा-तांबूस,
सगळी थंडी एकट्याच्या अंगात भरल्यासारखी
शेपटी हलवत राहणारा.
तीन हिवाळे तो बसायचा
वच्छला बोरघाटेच्या बंद घराच्या मीटरपेटीवर.
हो, मीटरपेटीवर. रचून सांगत नाही.

त्या घराची लाइन मीच कापली होती.
थकबाकी नऊशे चाळीस.
शिलाई मशीनवर कुणाचं तरी परकर अर्धं होतं.
मी शिडीवरून उतरलो तेव्हा
बाईंनी चहा पुढे केला.
म्हणाल्या, थंडीचे आले तुम्ही.
मी प्यायलो. साखर जास्त होती.
पुढच्या महिन्यात कुलूप. बुटीबोरीला गेल्या, म्हणतात.

हे मी झिंगरूजींना सांगितलेलं नाही.
त्यांना माहीत आहे, असं वाटतं.

यंदा पेटी नाही. कुणीतरी भंगारात नेली.
भिंतीवर चार भोकं आणि पेटीच्या मापाचा
एक स्वच्छ चौकोन.
नोव्हेंबर गेला, डिसेंबर अर्धा झाला,
चालू रीडिंग शून्य, शून्य, शून्य.

आज बकऱ्या थांबल्या, म्हणून मीही थांबलो.
घरामागून, रायमुनियाच्या जाळीतून,
टिक. टिक-टिक.
जुन्या मीटरची चकती अडखळत फिरावी तसं.
दिसलं काहीच नाही.
"आयकू आलं ना? मंग आहे."
आमच्या खात्यात असं चालत नव्हतं,
आकडा डोळ्यांनी बघावा लागे.

बोटं गारठलेली, पेन उमटेना.
वहीच्या कोपऱ्यावर गिरवून गिरवून शाई आणली
आणि लिहिलं: एक.
शेऱ्याच्या रकान्यात
चहाबद्दल काहीतरी लिहायचं होतं.
तेवढ्यात झिंगरूजींची पाठ बकरी तुरीत घुसली,
आणि आम्ही दोघं धावलो,
म्हणजे, आमच्या वयाला धावणं म्हणतात तेवढं.