दामिनी, आधी चौकोन

लढाईचा गेम नंतर.
आधी एक चौकोन काढ
आणि तो उजवीकडे सरकव.
एवढ्यातच माझा मे महिना गेला,
फैजपूरला, माडीवर,
लॅपटॉप पाटावर, पाटाखाली ओलं फडकं.

मग चेंडू सोडला.
तो जमिनीतून आरपार.
जमीन काढली होती मी, हिरवीगार;
ती टणक आहे, हे सांगायचं राहिलेलं.
इथं सगळं सांगावं लागतं, बाई,
नव्या पाहुण्याला घर सांगतात तसं:
केळीच्या वखारीवरून डावीकडे,
आणि कुत्र्याला भिऊ नका.

लाल ओळ आली तर वाच.
घरच्यांसारखी ती नुसती ओरडत नाही,
कुठं चुकलं तेही सांगते.

रात्री वीज गेली.
बॅटरीवर चेंडू पडतच होता,
उंची उणे चार लाख.
कुठंच लागलं नव्हतं त्याला.
पहाटे मी जमिनीला
एक शब्द शिकवला: अडव.